कबुलीमागचे वचन

फौजदारी न्यायाविषयी मराठीत जे वाचायला मिळते, ते बहुतेक लढवलेल्या खटल्यांविषयी असते. साक्षीपुरावे, उलटतपास, वकिलांचे युक्तिवाद आणि शेवटी निकाल, असा त्याचा ठरलेला प्रवास असतो. न्यायालयात रोज घडणारी आणखी एक गोष्ट मात्र या लेखनात क्वचितच येते. आरोपीला आरोप वाचून दाखवला जातो, गुन्हा कबूल आहे का असे विचारले जाते, तो ‘कबूल’ म्हणतो आणि थोड्याच वेळात दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही नोंदल्या जातात. साक्षीदार पिंजऱ्यात येत नाही, पुरावा तपासला जात नाही. तरीही दोषी ठरल्याचा शिक्का पूर्ण चाललेल्या खटल्याइतकाच पक्का बसतो.

ही कबुली अनेकदा कशाच्या तरी भरवशावर दिलेली असते. दंडावर सुटशील, आत जावे लागणार नाही, नोकरीला धक्का लागणार नाही, दुसरी केसही यातच मिटेल. हा भरवसा पुढे खोटा ठरला तर? किंवा देणाऱ्याच्या हातातच नसलेली गोष्ट त्याने देऊ केली होती, असे उघड झाले तर? ती कबुली मागे घेता येते का, कोणापुढे, किती दिवसांत आणि काय पणाला लावून? या प्रश्नांभोवती कायद्याचे एक छोटे, पण फार मोलाचे क्षेत्र उभे राहिले आहे. वाचकांनी त्यात निर्धास्तपणे पाऊल टाकावे, यासाठी ही प्रस्तावना.

हा विषय वकिलांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे तुम्हाला वाटणे स्वाभाविक आहे. पण भिवंडी तालुक्यात राहणाऱ्या माणसाला तो फार काळ परका राहत नाही. भिवंडीहून वाड्याकडे निघाले की नदीनाक्याच्या परिसरात शेलारची हद्द लागते. यंत्रमाग, कापड रंगवणारे डाईंगचे कारखाने, तालुकाभर पसरलेली गोदामे आणि त्यांच्याकडे ये-जा करणारे ट्रक, हे इथले रोजचे जग. अशा ठिकाणी साध्या माणसाच्या वाट्याला येणारी केस कोणती? रस्त्यावरचा अपघात, शेजाऱ्याशी झालेली मारामारी, न वटलेला चेक, वीजचोरीचा आरोप, गोदामातून माल गेल्याची फिर्याद. यातल्या बहुतेक गुन्ह्यांची शिक्षा सात वर्षांच्या आतली आहे. प्ली बार्गेनिंगची, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेत सवलत मिळवण्याची, कायदेशीर सोय नेमकी याच मर्यादेतल्या गुन्ह्यांसाठी केलेली आहे. ‘कबूल करून टाक, मोकळा हो’ हा सल्लाही याच प्रकरणांत सर्वांत सहज दिला जातो.

भिवंडीच्या न्यायालयात विचारल्या गेलेल्या ‘गुन्हा कबूल आहे का’ या प्रश्नाचे सर्वाधिक गाजलेले उत्तर १२ जून २०१८ चे आहे. तालुक्यातल्या सोनाळे गावी ६ मार्च २०१४ रोजी झालेल्या सभेतील भाषणावरून बदनामीचा खटला दाखल झाला होता. त्यात राहुल गांधी यांनी गुन्हा अमान्य केला आणि प्रकरण पुराव्याच्या वाटेने पुढे निघाले. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात, खेद व्यक्त करून विषय मिटवायचा की खटल्याला सामोरे जायचे, हा पर्याय त्यांच्यापुढे आला होता आणि त्यांनी विचारान्ती दुसरा स्वीकारला. मिटवायचे की लढवायचे, ही निवड प्रत्येक आरोपीपुढे असते. फरक वेळेचा आणि सल्ल्याचा. मागावर बारा तास उभा राहणारा कामगार तीच निवड न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुकारा व्हायच्या आधीच्या काही मिनिटांत करतो.

विषयात शिरण्यापूर्वी दोन वाटांमधला फरक लक्षात घ्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. पहिली वाट साध्या कबुलीची. ती फार जुनी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती सत्र खटल्यांसाठी कलम २५२, वॉरंट खटल्यांसाठी कलम २६४ आणि समन्स खटल्यांसाठी कलम २७५ मध्ये आहे. या वाटेवर कायदा कोणतीही सवलत देऊ करत नाही. आरोपी कबूल करतो, शिक्षा किती द्यायची ते न्यायाधीश ठरवतात.

दुसरी वाट प्ली बार्गेनिंगची. २००५ च्या दुरुस्तीने ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रकरण २१-अ म्हणून आली, ५ जुलै २००६ पासून अमलात आली आणि आता नव्या संहितेच्या प्रकरण २३ मध्ये, कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. महिला आणि बालकांविरुद्धचे गुन्हे, तसेच देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून सरकारने जाहीर केलेले गुन्हे तिच्यातून वगळलेले आहेत. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपीने प्रतिज्ञापत्रासह अर्ज करायचा. न्यायाधीश त्याला दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत, बंद दालनात विचारतात की हा अर्ज तू आपखुशीने केला आहेस ना. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, पीडित आणि आरोपी यांनी ६० दिवसांत सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढायचा. पीडिताला भरपाई हा त्याचा महत्त्वाचा भाग. शिक्षेची सवलत कायद्यातच लिहिलेली आहे. गुन्ह्याला किमान शिक्षा असेल तर तिच्या निम्मी आणि नसेल तर ठरवलेल्या शिक्षेच्या एक चतुर्थांश शिक्षा देता येते. पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या माणसासाठी नव्या संहितेने हे प्रमाण अनुक्रमे एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश इतके खाली आणले आहे. तोडगा निघाला नाही, तर खटला जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो, आणि अर्जात आरोपीने जे लिहिले ते अन्य कशासाठीही वापरता येत नाही.

या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्या की विषयाचे मर्म हाती येते. दुसऱ्या वाटेवर वचन कागदावर असते, त्याला मर्यादा असते आणि न्यायाधीश त्याची खातरजमा करतात. पहिल्या वाटेवर दिलेले वचन हवेत असते.

ते किती हवेत असते, हे पाहायचे असेल तर एखाद्या निकाली प्रकरणाचा कागद हातात घ्यावा. साधारणपणे एक पुरसीस, म्हणजे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, असते. दोषारोप मला समजला, मी स्वखुशीने गुन्हा कबूल करीत आहे, मी गरीब असून कुटुंब माझ्यावर अवलंबून आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी, अशा तीन-चार ओळी. खाली सही किंवा अंगठा, बाजूला वकिलाची सही. तिला निशाणी क्रमांक पडतो. रोजनाम्यात एक ओळ येते की आरोपीने गुन्हा कबूल केला. मग आदेश, दंडाची रक्कम, दंड न भरल्यास किती दिवसांची कैद, आणि दंड भरल्याची पावती. व्हरांड्यात जे बोलणे झाले, ज्याने ज्या खात्रीने ‘काही होणार नाही’ असे सांगितले, त्याचा या कागदांत मागमूस नसतो. कबुलीला पुढे आव्हान द्यायचे तर हा न लिहिलेला भाग सिद्ध करावा लागतो. या क्षेत्रातली सगळी अडचण इथे आहे, आणि अभ्यासकाला खुणावणारी गोष्टही हीच आहे.

कायद्याने या अडचणीवर एक जुना उपाय सांगून ठेवला आहे. समन्स खटल्यात आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, अशी आज्ञा आहे. ही केवळ औपचारिकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास यांच्या मद्रासमधल्या खटल्यात दाखवून दिले. हा निकाल १९६६ च्या निर्णयसंग्रहांत सापडतो. आरोपीला तमिळ येत नव्हते आणि त्याची कबुली त्याच्या शब्दांत नोंदवलेली नव्हती. तेवढ्यावरून दोषसिद्धी टिकली नाही. भिवंडीत बसून हा निकाल वाचताना तो जुना वाटत नाही. इथे माग चालवणारे अनेक जण उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण इथून आलेले, घरी उर्दू, भोजपुरी किंवा तेलुगू बोलणारे. कोर्टाचा कागद मराठीत. ‘मला दोषारोप समजला’ हे वाक्य ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्यावर किती भार टाकायचा, हा प्रश्न प्रत्येक न्यायदंडाधिकाऱ्याने आणि प्रत्येक तरुण वकिलाने स्वतःला विचारावा असा आहे.

आता थोडा इतिहास. तो सांगताना एका मराठी माणसाला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे. सौद्याने लागणाऱ्या फौजदारी निकालांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे जे सुरुवातीचे शब्द नेहमी आधार म्हणून घेतले जातात, ते महाराष्ट्रातून गेलेल्या दोन खटल्यांतले आहेत. पहिला मदनलाल रामचंद्र डागा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६८ चा. निकाल मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा, जे स्वतः नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले. फिर्यादीचे पैसे वसूल करून देण्याच्या बदल्यात शिक्षा हलकी करण्याच्या सौद्यात न्यायालयाने कधीही सामील होऊ नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दया दाखवायची तर खटल्यातल्या वस्तुस्थितीवरून दाखवा, वसुलीच्या मोबदल्यात नाही, असा त्याचा आशय. दुसरा मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७६ चा, अन्नभेसळीचा. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दाखवले की भेसळ करणारा व्यापारी कबुली देऊन शिक्षा हलकी करून घेतो, सरकारी बाजूचे काम वाचते, न्यायालयाचा वेळ वाचतो, आणि ज्याच्या पोटात ते अन्न जाते तो समाज या सौद्यात कुठेच नसतो.

हे दोन्ही निकाल सौद्याने समाजाचे काय नुकसान होते ते सांगतात. सौदा करणाऱ्या आरोपीचेही नुकसान होऊ शकते, ही बाजू पुढे गुजरात आणि कर्नाटकातून आलेल्या खटल्यांत उलगडली. कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख यांच्या १९८० च्या खटल्यात आरोपीने कबुली दिली, त्याला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने आपणहून प्रकरण हाती घेऊन ती वाढवली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवती यांनी वाढलेली शिक्षा तर रद्द केलीच, शिवाय मुळातली कबुलीच बाजूला सारली आणि खटला नव्याने चालवायला सांगितले. निर्दोष माणूसही लांबलेल्या खटल्याच्या भीतीने अशा सौद्याला होकार देईल, ही त्यांची चिंता होती.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य हा १९८३ मध्ये छापून आलेला छोटासा निकाल. तो इतका छोटा आहे की चहा निवेपर्यंत वाचून होतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा आरोप. आरोपीने कबुली दिली आणि दंडावर सुटला. राज्य सरकारने शिक्षा वाढवून मागितली, उच्च न्यायालयाने ती वाढवून कारावास दिला. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न असा होता की दंडाच्या भरवशावर कबुली दिलेल्या माणसाला त्याच कबुलीच्या आधारे तुरुंगात पाठवता येईल का. न्यायालयाने संविधानाच्या कलम २१ चा आधार घेतला. हलक्या शिक्षेचे आश्वासन देऊन माणसाकडून कबुली घ्यायची आणि नंतर वरच्या न्यायालयाने त्याच कबुलीवर शिक्षा वाढवायची, हे न्याय्य प्रक्रियेला धरून होत नाही. शिक्षा अपुरी वाटत असेल तर दोषसिद्धीच रद्द करावी, प्रकरण खालच्या न्यायालयात परत पाठवावे आणि आरोपीला हवे असल्यास बचाव करण्याची संधी द्यावी. गोदामांच्या तालुक्यात हा निकाल प्रत्येक ट्रकचालकाच्या वकिलाला तोंडपाठ असायला हवा, असे मी आग्रहाने म्हणतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. वचन मोडल्यावर होणारा फटकाही त्याच मानाने वाढला आहे.

१९९९ मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध चंद्रिका या निकालातही न्यायालयाने सौदेबाजी नाकारलीच होती. विधी आयोगाने मात्र १९९१ च्या १४२ व्या आणि १९९६ च्या १५४ व्या अहवालात नियमांनी बांधलेल्या प्ली बार्गेनिंगची शिफारस केली, २००३ मध्ये मलिमथ समितीने तिला दुजोरा दिला आणि संसदेने ती स्वीकारली. जुन्या निकालांचे महत्त्व त्यामुळे संपले, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. संसदेने जी चौकट घातली ती संहितेतल्या प्ली बार्गेनिंगच्या प्रकरणापुरती आहे. चौकटीबाहेर, साध्या कबुलीच्या वाटेवर दिली जाणारी तोंडी आश्वासने आजही तिथेच आहेत, आणि त्यांना आवर घालणारे शब्द थिप्पेस्वामीच्या निकालातच सापडतात.

वचन मोडते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार करताना वाचकांनी एक भेद मनात ठेवावा. काही वचने पाळता येण्यासारखी असूनही पाळली जात नाहीत. काही मुळातच पाळता येण्यासारखी नसतात. दुसऱ्या प्रकाराकडे आपले लक्ष कमी जाते. कायद्याने किमान शिक्षा ठरवली असेल तर न्यायदंडाधिकारी तिच्या खाली केवळ कुणी शब्द दिला म्हणून जाऊ शकत नाहीत. एका जिल्ह्यातला सरकारी वकील दुसऱ्या जिल्ह्यातल्या खटल्याविषयी शब्द देऊ शकत नाही. तपास अधिकाऱ्याचा तर शिक्षेवर अधिकारच नाही. वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी यांवर दोषसिद्धीचा काय परिणाम होईल हे त्या दालनातल्या कोणाच्याही हातात नसते. ज्या माणसाने ‘नोकरीला काही होणार नाही’ या भरवशावर कबुली दिली, त्याला फसवणारा बहुतेकदा वाईट हेतूचा नसतो. त्याला स्वतःलाच माहीत नसते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच उरतो की कबुली देणाऱ्याला आपण काय देत आहोत आणि काय मिळवत आहोत हे कळले होते का.

वीजचोरीचे उदाहरण इथे बोलके आहे. भिवंडीत २००७ पासून वीज वितरण टोरंट पॉवरकडे आहे आणि वीजचोरीची प्रकरणे इथल्या यंत्रमागधारकांना परिचयाची आहेत. वीज कायदा २००३ च्या कलम १५२ खाली ठरलेली रक्कम भरून गुन्हा तडजोडीने मिटवता येतो. ती तडजोड कायद्याने निर्दोष सुटकेसारखी मानली जाते, आणि ती एका व्यक्तीला एकदाच मिळते. आता एखाद्याने तडजोड समजून कबुली दिली तर? पैसे दोन्हीकडे भरायचे, पण एका कागदावर तो निर्दोष आणि दुसऱ्यावर दोषी. ‘पैसे भर, मिटेल’ या एकाच वाक्यात हे दोन्ही अर्थ मावतात. तुम्ही सल्ला देणाऱ्याच्या जागी असाल तर या ठिकाणी थांबून समजावून सांगा.

आव्हान द्यायचे ठरले, तर दारे मोजकीच आहेत. साध्या कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार शिक्षेचे प्रमाण आणि तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील उरते. कबुली स्वेच्छेची नव्हती, आरोप समजलेला नव्हता, नोंद नीट घेतलेली नव्हती, असे म्हणायचे तर कलम ४३८ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करावा लागतो, किंवा कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांना साद घालावी लागते. प्ली बार्गेनिंगच्या निकालाबाबत दार आणखी अरुंद आहे. कलम २९५ नुसार तो निकाल अंतिम असतो. संविधानाच्या कलम २२६ आणि २२७ खालील रिट याचिका आणि कलम १३६ खालील विशेष अनुमती याचिका, एवढेच मार्ग मोकळे आहेत.

हा अंतिमपणा इतका कडक असावा का, याविषयी मतभेद आहेत आणि असायला हवेत. माझे मत मी लपवत नाही. शेलारसारख्या गावातल्या माणसाला रिट याचिकेसाठी मुंबईला उच्च न्यायालयात जायला लावणे म्हणजे हक्क कागदावर ठेवणे होय. सत्र न्यायालयापुढे, निदान कबुली स्वेच्छेची होती का एवढ्या मुद्द्यावर, एक दार असायला हवे होते. मात्र दुसऱ्या बाजूलाही एक माणूस असतो. पीडिताला भरपाई मिळालेली असते, त्याने प्रकरण मनातून संपवलेले असते. शिक्षा भोगताना पश्चात्ताप झाला म्हणून कोणीही कबुली मागे घेऊ लागला, तर त्या पीडिताला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागेल. म्हणून न्यायालये केवळ नाराजी ऐकत नाहीत. वचन दिले गेले होते का, ते कबुलीचे कारण होते का आणि ते मोडले का, या तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात, हे मला योग्य वाटते. आणि यश मिळाले तरी मिळते ते खटला लढवण्याचा हक्क. कबुली रद्द झाली की मूळ आरोप त्याच्या पूर्ण शिक्षेसह पुन्हा समोर उभा राहतो. आव्हानाचा सल्ला देताना ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे.

परदेशाकडे एक नजर टाकणे उपयोगाचे आहे. अमेरिकेत फौजदारी प्रकरणांचा फार मोठा भाग कबुलीनेच निकालात निघतो, त्यामुळे मोडलेल्या वचनांचा विचारही तिथे अधिक झाला. सँटोबेलो विरुद्ध न्यूयॉर्क हा १९७१ चा निकाल त्याचा पाया. एका सरकारी वकिलाने, शिक्षेबाबत आम्ही काही शिफारस करणार नाही, असा शब्द दिला. पुढे त्याच्या जागी आलेल्या वकिलाला तो शब्द माहीतच नव्हता आणि त्याने जास्तीत जास्त शिक्षा मागितली. या शिफारशीचा आपल्यावर परिणाम झाला नाही, असे न्यायाधीशांनी सांगूनही सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. कबुली वचनावर उभी असेल तर ते वचन पाळले गेले पाहिजे. नाही तर एकतर ते पाळायला लावा किंवा कबुली मागे घेऊ द्या. २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी या निकालातला आरोपीही एक ट्रकचालक. इतकी वर्षे इथे राहिलास, देशाबाहेर काढण्याची काळजी करू नकोस, असे त्याच्या वकिलाने सांगितले आणि ते चुकीचे निघाले. परदेशी नागरिकाला कबुलीचा हा परिणाम सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे न्यायालय म्हणाले. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलामुलींच्या मराठी घरांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

आपल्याकडची न्यायालयेही कबुली मुकाट्याने स्वीकारत नाहीत, हे पाहायला लांब जायला नको. २० जुलै २००९ रोजी ऑर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात, अजमल कसाबने अचानक गुन्हा कबूल असल्याचे सांगितले. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ते निवेदन नोंदीवर घेतले, पण खटला थांबवला नाही. पुढे डिसेंबरमध्ये कसाबने ते नाकारले, पण मधल्या काळात खटला चालूच राहिला होता आणि निकाल पुराव्यावर उभा राहू शकला. त्याआधी २००७ मध्ये, रिझर्व्ह बँकेच्या एका माजी कारकुनाचा प्ली बार्गेनिंगचा अर्ज मुंबईच्या विशेष सीबीआय न्यायालयाने फेटाळला, कारण भ्रष्टाचाराच्या आरोपात असा सौदा योग्य नाही असे न्यायालयाला वाटले. हे दोन प्रसंग नवख्या वाचकाने जरूर वाचावेत. न्यायाधीशाच्या हातात किती अधिकार आहे ते त्यांतून चटकन कळते.

वाचनाचा क्रम विचाराल तर मी थिप्पेस्वामीपासून सुरुवात करायला सांगेन, मग मागे डागा आणि लोया, आणि मगच संहितेची कलमे. आधी कलमे वाचली तर ती कोरडी वाटतात. मोफत विधी सहाय्यावरचे दोन निकाल सोबत ठेवावेत. १९७८ चा एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य आणि १९८६ चा सुक दास. दुसऱ्या निकालात आरोपीने वकील मागितला नव्हता, तरी वकिलाविना झालेली दोषसिद्धी न्यायालयाने रद्द केली, कारण आपल्याला मोफत वकील मिळू शकतो हे गरीब माणसाला माहीतच नसते. कबुलीच्या क्षणी शेजारी जाणता वकील असणे हाच मोडणाऱ्या वचनांवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वकिलांनी आपल्या पक्षकारांच्या जुन्या रोजनाम्यांच्या नकला काढून या निकालांशी ताडून पाहाव्यात. मराठीत या विषयाचा खरा अभ्यास तिथूनच उभा राहील, आणि तो भिवंडीसारख्या तालुक्याच्या न्यायालयातून उभा राहावा अशी माझी इच्छा आहे.

ज्यांना हा विषय अभ्यासासाठी नको, घरातल्या कोणाच्या तरी केससाठी हवा आहे, त्यांच्यासाठी थोडे वेगळे सांगतो. कबूल म्हणण्यापूर्वी, मिळणारी सवलत कोणत्या कलमाखाली आहे ते वकिलाला विचारा. कलम सांगता येत नसेल तर ती सवलत नाही असे समजा. आरोप तुमच्या भाषेत समजावून मागा आणि तुमचे उत्तर तुमच्या शब्दांत नोंदवून घ्या. वकील परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, तिथे तो मोफत मिळतो. कबुली देऊन झाली असेल आणि दिलेला शब्द मोडला असेल, तर आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढा. पुनरीक्षण अर्जाची मुदत आदेशापासून ९० दिवसांची आहे.

शेलार, ता. भिवंडी, जि. ठाणे